ठासणीची बंदूक : पारख आणि निगा

बंदुकीवर बोलायला कामगार चळवळीतला माणूस कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. यंत्रात बोटे गमावलेल्यांच्या भरपाईसाठी मी उभी हयात भांडलो. पण तुटलेले बोट मी प्रथम पाहिले ते कारखान्यात नव्हे, इथे मसुऱ्यात, माझ्या मामाच्या हाताचे.

शौकाची शिकार आता उरली नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९९१ साली दुरुस्ती होऊन ती बंद झाली. भातात शिरणारा डुक्कर मारायचा तरी वनखात्याची परवानगी हवी. मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा नावानिशी उल्लेख आहे. म्हणून ती गडनदीच्या काठी अजून घरोघर आढ्याला टांगलेली दिसते.

नळीत आटे असले की गोळीला फिरकी मिळते व ती दूरवर नेमकी जाते. १८५७ साली जिच्या काडतुसावरून वणवा पेटला ती एन्फिल्ड अशीच, आट्यांची आणि तोंडाने ठासायची. आपली गुळगुळीत नळीची. राखणीच्या माळ्यावरून वीस-पंचवीस पावलांवर तीच पुरे.

जुनी बंदूक घेताना आधी गज नळीत सोडा. आतली खोली बाहेरून कानापर्यंतच्या लांबीहून कमी भरली, तर आत बार आहे असे समजा. रिकामी असल्याची खात्री झाली की नळीवरून बोट फिरवा. कुठे फुगवटा लागला तर फुकटही घेऊ नका. घोडा अर्ध्यावर उभा करून चाप ओढा. तो पडता कामा नये. नक्षी, चांदीचे पत्रे यांना भुलू नका. विकणारा तीच आधी दाखवतो.

मामाचे काय झाले? घाईत गोळी अर्ध्यावर अडकली. दारू आणि गोळी यांमध्ये पोकळी राहिली आणि नळी फाटली. पुढे तो गजावर खूण करून ठेवी व मला बजावी, "झिला, आधी गज बघ, मगे चाप." काडतुसातली बिनधुराची दारू तर यात कधीही घालू नये, तिचा दाब ही नळी सोसत नाही. टोपी वाजली आणि बार उडाला नाही, तर नळीचे तोंड मोकळ्या दिशेला धरून मिनिटभर थांबावे.

काळ्या दारूत सुमारे ७५ भाग सोरा, १५ कोळसा, १० गंधक. जळल्यावर निम्म्याहून अधिक वजन राखेच्या रूपाने उरते आणि ती राख हवेतले पाणी ओढते. आपल्या खाऱ्या दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो. म्हणून त्याच दिवशी कढत पाण्याने नळी धुवावी. कढत अशासाठी की लोखंड तापून आपोआप सुकते. मग चिंधीने खोबरेल फिरवावे. पावसाळ्यात पंधरवड्याने पुन्हा.

निवडणुका आल्या की बंदुका ठाण्यात जमा होतात. तिथे तेल कोण लावणार? एकदा आमच्या वाडीतल्यांच्या बंदुका महिन्यांनी परत मिळाल्या त्या तांबड्या होऊन, आणि तोवर कणसे डुकरांनी खाल्ली होती. तक्रार मी लिहून दिली. उत्तर यायचे आहे. तोवर एवढे करा : जमा करताना नळीत भरपूर तेल आणि तोंडाला मेणाचा बोळा द्या, आणि परत मिळाल्यावर टोपी चढवण्याआधी तो बोळा काढायला विसरू नका.