सगळेच पाहुणे सायबेरियाचे नसतात

डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी सकाळी सुरतेत सिंगणपोरच्या कॉजवेवर जाऊन बघा. कठड्याला गर्दी, पोरं खांद्यावर घेतलेले बाप, गाठियांच्या पुड्या, आणि डोक्यावर पांढऱ्या पक्ष्यांचा कलकलाट. हवेत भिरकावलेला गाठिया तापीत पडायच्या आत कुणीतरी टिपतोच. ‘सुरतचं जमण आणि काशीचं मरण’ ही म्हण इथल्या लोकांनी पक्ष्यांनाही लागू केली आहे. शेजारचा कुणीतरी हमखास सांगतो, ‘सायबेरियाथी आव्या छे.’

मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या बहुतेकांची गावं धुळे-नंदुरबारकडची, आईबाप लूमखात्यात किंवा साड्यांच्या दुकानात. या पोरांनाही हिवाळ्यात दिसणारा प्रत्येक पक्षी सायबेरियाचाच वाटतो.

कॉजवेवरचा हा पक्षी म्हणजे कुरव. त्याच्या दोन जाती इथे एकमेकींत मिसळून असतात. तपकिरी डोक्याचा कुरव अंगाने जरा थोराड, डोळा फिकट, पंखांची टोकं काळी आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके. काळ्या डोक्याचा थोडा लहान, डोळा गडद, आणि उडताना पंखाची पुढची कड पांढरीशुभ्र. नावावर मात्र जाऊ नका. हिवाळाभर दोघांचीही डोकी पांढरीच असतात, कानामागे तेवढा एक गडद डाग. मार्च उजाडला की डोकी हळूहळू रंगू लागतात. कुणाचं अर्धं रंगलेलं, कुणाचं पूर्ण. तो परतीच्या तयारीचा रंग.

आता यांची गावं. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या पठारावर आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या तळ्यांकाठी घरटी करतो. म्हणजे यातले काही पाहुणे चक्क आपल्या देशातलेही असू शकतात. काळ्या डोक्याचा मात्र युरोपपासून आशियाच्या पूर्व टोकापर्यंत पसरलेला. लंडनच्या थेम्स नदीवर तो रोजचाच. 1613 साली सुरतेत वखार घालणाऱ्या इंग्रजांना परमुलखात निदान हा एक चेहरा तरी ओळखीचा वाटला असेल.

कुरव नेमके इथेच का जमतात, याचं उत्तर कॉजवेच्या खाली आहे. हा नुसता पूल नाही, बंधारा आहे. वरच्या अंगाला गोडं पाणी अडलेलं, खालच्या अंगाला डुमस-हजिऱ्याकडून भरतीचं खारं पाणी चढतं. दोन्ही पाण्यांची मासळी एकाच जागी मिळते, मग गाठियांची वाट कोण बघणार? तळलेलं बेसन हे कुरवाचं अन्न नव्हे, आणि त्यापायी तो गाड्यांच्या टप्प्यात येतो ते वेगळंच. हौस असेल तर दुर्बीण न्या, पुडी घरी ठेवा. पावसाळ्यात उकाई धरणातून पाणी सुटलं आणि इथली पातळी सहा मीटरच्या वर गेली, की कॉजवे वाहतुकीला बंद होतो. तेव्हा इथे कुरवही नसतात आणि माणसंही.

पण पाहुणे थंडीतच येतात हा समज पहिल्यांदा खोडते ती भोरडी. गुलाबी पाठ-पोटाची, काळ्या डोक्या-पंखांची ही मैना, गुजरातीत वैया. पूर्व युरोप आणि मध्य आशियात नाकतोड्यांच्या जिवावर पिल्लं वाढवते आणि जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात, आपल्याकडे हजर होते. मुक्काम थेट एप्रिलपर्यंत. वर्षातले जास्त महिने जी इथे काढते, तिला पाहुणी म्हणावं का हा प्रश्नच आहे. वर्गात तिचं चित्र दाखवलं की कुणीतरी ओरडतंच, ‘बाई, ही तर गावची!’ आजोबा ज्वारीवरून गोफणीने हाकलतात तीच ही. संध्याकाळी शहरातल्या झाडांवर उतरण्याआधी तिचे थवे आभाळात वळणं घेतात. हे बघायला तिकीट नाही, गच्चीवर गेलं की झालं.

भोरडीच्याही आधी, जूनमध्ये, मान्सूनच्या वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून चातक येतो आणि आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात टाकून मोकळा होतो. ओलपाडच्या भातखाचरांतले गायबगळे कुठूनच येत नाहीत, इथलेच. पण विणीच्या दिवसांत डोकं-मान केशरी झाली की नवखा माणूस त्यांना नवा पक्षी समजतो.

डुमस रस्त्याजवळच्या गवियर तळ्याला मात्र दोन वेळा जायला हवं. पावसाळ्यात तिथे कमळपक्षी लांब शेपटी मिरवत पानांवरून चालतो. यांच्यात मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते, आणि अंडी उबवण्यापासून पिल्लं सांभाळण्यापर्यंत सगळं नर करतो. हे सांगितलं की वर्गातल्या मुली फार खूश होतात. हिवाळ्यात त्याच तळ्यावर थापट्या, तलवार बदक, भिवई बदक अशी उत्तरेकडची मंडळी उतरतात. डुमसच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी चिखलात तुतवार, चिखले आणि बाकदार चोचीचा कोरल दिसतात. खंभातच्या आखातात समुद्र फार दूरवर ओसरतो, म्हणून भरतीची वेळ बघूनच निघा.

म्हणजे जानेवारीत सुरत भरलेली असते: इथले बारमाही, भोरड्या, बदकं, कुरव, सगळे एकदम. आणि नेमकी त्याच वेळी पतंगांची उत्तरायण येते. 14 तारखेची उत्तरायण, 15 ची वासी उत्तरायण. त्याआधी कित्येक दिवस डबगरवाडात फिरक्यांची झुंबड आणि रस्त्याकडेला काचपूड लावून मांजा सुतणारे कारागीर. पतंगाचं मलाही वेड आहे, त्यामुळे सण बंद करा असं मी म्हणणार नाही. पण पंख पसरल्यावर खांद्यापासून मनगटापर्यंत पुढच्या बाजूला जी पातळ कातडी ताणली जाते, तीच दोऱ्याने चिरली जाते. जखम बोटभर असते. पक्षी जगतो, पण पुन्हा उडेलच असं नाही. दोरा लागतो तोही बहुतेकदा सकाळी थवे बाहेर पडताना किंवा संध्याकाळी परतताना, कारण आभाळ तेव्हाच पक्ष्यांनी भरलेलं असतं. कबुतरं, बगळे, शराटी, अंधार पडल्यावर घुबडं, यातलं कुणीच सुटत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. तरी तो सण संपल्यावर झाडांत अडकलेला सापडतोच, आणि सुती दोऱ्यासारखा तो कुजत नाही.

तेव्हा सुरतेतल्या आणि पतंग उडवणाऱ्या सगळ्याच मराठी घरांना एवढंच सांगते. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर पतंग उतरवून ठेवा. 16 तारखेला पोरांना गच्चीतला, झाडातला, केबलवरचा गुंता गोळा करायला लावा. जखमी पक्षी सापडला तर दोरा ओढू नका. दोन्ही बाजूंनी कापा, पक्ष्याला भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका, आणि गुजरातेत असाल तर 1962 वर फोन करा.