इर्शाळगडाच्या पायथ्याशी बावीस प्रश्न

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. अशा आघाताचा मनावरचा परिणाम मोजायला जगभर एक प्रश्नावली वापरतात, 'इम्पॅक्ट ऑफ इव्हेंट स्केल'. १९७९ साली आली, १९९७ मध्ये सुधारली. प्रश्न २२, प्रत्येकाला ० ते ४ गुण. विचारायचं फक्त गेल्या ७ दिवसांबद्दल.

त्यातला एक गट टाळाटाळीचा: घटनेची आठवण करून देणाऱ्या गोष्टींपासून तुम्ही लांब राहता का? वाचलेल्या कुटुंबांना तात्पुरती घरं मिळाली ती चौक गावाजवळ, कंटेनरमध्ये. आणि चौकहून इर्शाळगड समोरच दिसतो. लांब राहणार कसं? इथे गुण कमी आले, तर भीती ओसरली असेल, नाहीतर टाळायची सोयच नसेल. बेरजेत दोन्ही सारखेच दिसतात. मोजायचं होतं तेच मोजलं का, या प्रश्नाला मानसशास्त्रात वैधता म्हणतात.

शिवाय ऋतू आहेच. मे महिन्यात झोपेबद्दल विचारा आणि जुलैत, पत्र्यावर पाऊस वाजत असताना पुन्हा विचारा, उत्तरं बदलणारच. दरडीआधीचं मोजमाप तर कुणी घेऊन ठेवत नाही. त्यामुळे एका भेटीतल्या बेरजेवर माझा फारसा भरवसा नाही. दरवर्षी त्याच महिन्यात, शक्यतो त्याच माणसाने विचारलं, तर तुलनेला काही अर्थ राहतो.