एक आडनाव, एक इंजिन, एक गाव

कुरकुंभ-दौंड भागातल्या जुन्या शेतकऱ्यांना इंजिन म्हटलं की विहिरीवरचं किर्लोस्कर आठवतं. ते आधी एका घराण्याचं आडनाव आहे, हे मुलांना सांगावं लागतं. डिझेलचंही तसंच. रुडॉल्फ डिझेल नावाचा माणूस होता म्हटलं की वर्ग हसतो.

किर्लोस्कर हे आडनाव कोकणातल्या किर्लोस गावावरून आलं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिक्षक होते. बढतीत डावललं गेल्यावर ते बेळगावला आले. तिथे सायकलींचं दुकान चाललं, मग लोखंडी नांगर तयार होऊ लागले. १९१० साली औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ ओसाड माळ दिला. त्यावर कारखाना आणि कामगारांची वस्ती उभी राहिली, तीच किर्लोस्करवाडी. पुढे स्टेशनालाही तेच नाव मिळालं. म्हणजे एका गावाने आडनाव दिलं आणि त्या आडनावाने दुसरं गाव वसवलं. तेलावरच्या इंजिनांची कंपनी मात्र १९४६ साली पुण्यात निघाली.

फ्रेंच भाषेत लन्वार असं आडनाव आहे, अर्थ ‘काळा’. आपल्याकडचे काळेच म्हणा! एत्येन लन्वार यांनी १८६० मध्ये पॅरिसला कोळशाच्या गॅसवर चालणारं इंजिन केलं. गॅस आणि हवेचं मिश्रण सिलिंडरमध्येच विजेच्या ठिणगीने पेटायचं. पेटवण्याआधी ते दाबलं जात नसे, म्हणून गॅस फार लागे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात याच नावाचं शहरही आहे. कुणालाही वाटेल, इंजिनवाल्याचंच गाव. पण ते नाव जनरल विल्यम लेनॉर यांचं, आणि ते इंजिन निघण्याच्या वीसेक वर्षं आधीच वारले होते.

तिथे आडनाव एक पण माणसं वेगळी. आपल्या घरांत बरेचदा उलटं असतं. थोरल्याच्या दाखल्यावर शेख, धाकट्याच्या दाखल्यावर तांबोळी, आणि दोघे सख्खे भाऊ. अत्तार, बागवान, मुलाणी ही धंद्याची-कामाची आडनावं, इनामदार वतनाचं, कोकणातल्या मुस्लिमांत गावावरून पडलेली ‘कर’वाली. प्रवेशाच्या दिवशी आजोबांनी जे सांगितलं ते रजिस्टरात बसलं. मग शिष्यवृत्तीच्या अर्जाला वडिलांचा दाखला जोडताना नावं जुळत नाहीत आणि हेलपाटे सुरू होतात. मूल शाळेत आहे तोवर दुरुस्ती त्या मानाने सोपी. दहावीचा फॉर्म भरण्याआधी आधार, जन्मदाखला आणि शाळेचं रजिस्टर शेजारी ठेवून एकदा अक्षर न् अक्षर ताडून पाहा.