साथीच्या दिवसांतील शेजारधर्म

सुरतेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतून सप्टेंबर १९९४ ची आठवण अद्याप पुसली गेलेली नाही. गणेशविसर्जन नुकतेच आटोपले होते. तापीच्या पुराचे पाणी ओसरले होते, पण वेड रोड परिसरातील सखल वस्त्यांत चिखल, कचरा आणि मेलेली जनावरे तशीच पडून होती. या वस्त्या प्रामुख्याने बाहेरगावाहून पोटासाठी आलेल्या श्रमिकांच्या. त्यांत मराठी घरेही पुष्कळ. तेथे तीव्र ताप, खोकला व रक्तमिश्रित थुंकी अशी लक्षणे असलेले रुग्ण अवघ्या एक-दोन दिवसांत दगावू लागले आणि २१ सप्टेंबरच्या सुमारास ‘प्लेग’ हा शब्द शहरभर पसरला. पुढील काही दिवसांत लाखो लोकांनी सुरत सोडली. ताप्ती लाईनच्या गाड्यांना नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे जाणाऱ्यांची झुंबड उडाली.

हे सारे आज पुन्हा सांगण्याचे कारण असे की, साथीच्या काळात सामान्य माणसाने स्वतःसाठी व इतरांसाठी काय करावे आणि काय करू नये, याचे धडे आपल्याला दूर शोधावे लागत नाहीत. ते आपल्याच शहरात गिरवले गेले आहेत.

प्रथम त्या आजाराचे स्वरूप पाहू. प्लेगचे जंतू मूळचे उंदरांच्या अंगावरील पिसवांतून माणसात येतात व जांघेत किंवा काखेत गाठ येते. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी आढळला तो हा गाठीचा प्लेग. सुरतेत दिसला तो फुप्फुसाचा. यात रुग्णाच्या खोकल्यातील तुषारांवाटे जंतू थेट दुसऱ्याच्या श्वासात जातात. लागण झाल्यापासून साधारणतः एक ते तीन दिवसांत ताप येतो, आणि ताप आल्यापासून पहिल्या सुमारे चोवीस तासांत योग्य प्रतिजैविक सुरू झाले नाही तर रुग्ण क्वचितच वाचतो. मात्र याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. हे तुषार फार दूर जात नाहीत. धोका असतो तो खोकणाऱ्या रुग्णाच्या हातभर-दोन हात अंतरात, बंद खोलीत, बराच वेळ वावरणाऱ्यांना. औषधही दुर्मीळ नव्हते; टेट्रासायक्लिनसारखी स्वस्त गोळी गुणकारी होती.

म्हणजे ज्या आजारात वेळेवर मिळालेल्या गोळीने जीव वाचत होता, त्या आजारात ताप अंगावर काढून गाडीच्या गर्दीत तीनशे किलोमीटर प्रवास करणे हा सर्वांत वाईट निर्णय होता. तो जाणाऱ्याच्या दृष्टीने वाईट होताच, शेजारच्या बाकावरील प्रवाशाच्या दृष्टीनेही होता. सुदैवाने साथ अन्यत्र मोठ्या प्रमाणावर फैलावली नाही आणि सुरतेतही मृतांचा आकडा साठाच्या आत राहिला. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पुढे हा प्लेगच असल्याचा निर्वाळा दिला. पण घबराटीने केलेले नुकसान कोणत्याही समितीच्या मोजमापात बसणारे नव्हते. ज्यांच्या घरी कोणी आजारी नव्हते त्यांनी टेट्रासायक्लिनच्या गोळ्या साठवल्या. ज्यांना त्या तातडीने हव्या होत्या त्यांना दुकानाच्या पायरीवरून परतावे लागले.

येथे आपल्या व्यवसायाविषयी एक कटू सत्य नोंदवणे भाग आहे. त्या आठवड्यात शहरातील खाजगी डॉक्टरांपैकी अनेकांनी दवाखान्यांना कुलूप लावले. नव्या सिव्हिल रुग्णालयातील निवासी डॉक्टर, परिचारिका व सफाई कामगार मात्र रुग्णांपाशी उभे होते. गेलेल्यांना आज दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनाही मुलेबाळे होती. परंतु दवाखाना बंद झाला की त्या गल्लीतील माणसाला ‘साधा ताप की दुसरे काही’ हे सांगणारे कोणी उरत नाही, आणि मग तो अफवेवर विसंबतो. डॉक्टरांनी साथीच्या काळात नुसता दरवाजा उघडा ठेवून, खिडक्या उघडून, रुग्णांना अंतरावर बसवून तपासले तरी घबराट निम्मी ओसरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता घरगुती उपायांकडे वळू. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धातून आलेल्या निर्वासितांत बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते पिंपात भरले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पेल्यापेल्याने पाजावयास सांगितले. जेथे शंभरांत सुमारे तीस रुग्ण दगावत, तेथे हे प्रमाण चारांच्याही खाली आले. हे काम केले ते अक्षरओळख नसलेल्या आयाबहिणींनी. आजही पुराच्या पाण्यानंतर जुलाबाची साथ आली तर दुकानातील ओआरएसचे पाकीट उत्तम. ते न मिळाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. मीठ जास्त पडणे हे कमी पडण्याहून घातक, एवढे लक्षात असू द्यावे. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली तर मात्र घरी थांबू नये.

श्वसनाच्या साथीत गोष्ट निराळी. करोनाच्या २०२० व २०२१ मधील लाटा आपण सर्वांनी भोगल्या आहेत, म्हणून विस्तार करीत नाही. आजाऱ्यासाठी स्वतंत्र खोली नसेल तर निदान खिडकीजवळची जागा द्यावी, मास्क रुग्ण व शुश्रूषा करणारा या दोघांनीही वापरावा, आणि शुश्रूषेचे काम घरातील एकाच सुदृढ व्यक्तीकडे असावे; आजीकडे नको. बोटाला लावावयाच्या ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली राहू लागला तर, रुग्णाला दम लागत नसला तरी, डॉक्टरांना कळवावे. त्या काळात शेजाऱ्याची चिठ्ठी पाहून स्टेरॉइड घेतल्याची उदाहरणे थोडी नव्हती. ऑक्सिजनची गरज असलेल्या रुग्णाला डेक्सामेथासोन तारते, हे जून २०२० मध्ये सिद्ध झाले. गरज नसलेल्याला त्याचा उपयोग नाही, आणि मधुमेह्याच्या रक्तातील साखर त्याने भडकते. २०२१ मध्ये काळ्या बुरशीचे जे रुग्ण गुजरातेत व महाराष्ट्रात आले, त्यांतील अनेकांची कहाणी अशीच होती. दुसऱ्याला दिलेले औषध हे औषध नव्हे, ही गोष्ट आम्ही डॉक्टर मंडळी सांगून थकतो, पण सांगत राहणे आहे.

इच्छापोर व हजीरा पट्ट्यात एक वेगळी अडचण आहे. येथे कारखान्यांत पाळीने काम करणारे, एका खोलीत सहा-आठ जण राहणारे एकटे पुरुष पुष्कळ आहेत. त्यांना ‘स्वतंत्र खोलीत राहा’ असे सांगणे म्हणजे थट्टाच. आजारी पडल्याचे सांगितले तर पगार बुडेल आणि घरमालक बाहेर काढील, या भीतीने ते ताप लपवतात. लपवलेला ताप हाच साथीचा खरा वाहक. म्हणून साथ येण्याच्या आधीच मंडळाने काही गोष्टी ठरवून ठेवाव्यात: सभागृहाची एखादी खोली आजाऱ्यांसाठी मोकळी करता येईल काय, दारावर डबा कोण ठेवील, कोणत्या घरी एकटे वृद्ध राहतात आणि त्यांना रोज सकाळी फोन कोण करील. घरमालकाशी बोलणेही एखाद्या ज्येष्ठाने करावे. खोलीतल्या पोरांचे तो ऐकत नाही.

आजाऱ्याजवळ जाण्याविषयी आपल्याकडे एक थोर उदाहरण आहे. १८९७ च्या पुण्यातील प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा केली. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाडांच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तेथे आणले, आणि त्याच आजाराने १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा प्रतिजैविके नव्हती. आज आहेत, प्लेगच्या रुग्णाची निकट शुश्रूषा करणाऱ्याला सात दिवस प्रतिबंधक गोळ्या देता येतात. सावित्रीबाईंचे धैर्य अंगी आणताना मास्क व गोळी नाकारण्याचे कारण नाही.

सुरतेने पुढे काय केले, हेही सांगितले पाहिजे. मे १९९५ मध्ये श्री. एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. कचरा रोज उचलला जाऊ लागला, रात्री रस्ते झाडले जाऊ लागले, आजारांच्या नोंदी नियमित पाहिल्या जाऊ लागल्या, आणि दोन वर्षांच्या आत घाणीसाठी कुप्रसिद्ध असलेले शहर देशातील स्वच्छ शहरांत गणले गेले. यात पालिकेइतकाच वाटा कचरा उकिरड्यावर न फेकता कुंडीत टाकणाऱ्या घरांचा होता. आपल्या वसाहतीच्या मागील नाल्यात पावसाळ्यापूर्वी काय साचलेले असते, ते सभासदांनी येत्या रविवारी सकाळी एकदा जाऊन पाहावे. मी सात वाजता तेथे असेन.