पाणघोड्याचे दात आणि आफ्रिकेची हवा

केनियाच्या उत्तरेला तुर्काना सरोवराभोवती आज रखरखीत मुलूख आहे. त्याच्या पूर्व काठावर, कूबी फोरात, जमिनीचे थर झिजले की लाखो वर्षांपूर्वीची हाडे उघडी पडतात. त्यांत पाणघोड्यांची हाडे भरपूर असतात. हिप्पोपोटॅमस गॉर्गॉप्स ही त्यांतली एक नामशेष जात. तिचे डोळे कवटीच्या माथ्यावर इतके उंच होते की बाकी सारे अंग पाण्यात ठेवूनही तिला आजूबाजूला पाहता येई.

पाणघोडा दिवसभर उन्हात राहिला तर त्याची कातडी सुकून भेगाळते, म्हणून तो दिवसा पाण्यात असतो आणि रात्री चरायला काठावर येतो. तेव्हा त्याचे जीवाश्म मिळाले की तिथे टिकाऊ पाणी होते हे नक्की. पण हवाही दमट होती का? नाईल तर वाळवंटातूनच वाहते.

त्याचे उत्तर दातांच्या इनॅमलमध्ये आहे. इनॅमल तयार होताना प्राण्याच्या अंगातल्या पाण्याचा ऑक्सिजन त्यात अडकतो. बाष्पीभवनात ऑक्सिजन-१६ चे हलके पाणी आधी उडते आणि मागे जड ऑक्सिजन-१८ चे प्रमाण वाढते. जिराफाला बरेचसे पाणी पानांतून मिळते. हवा जितकी कोरडी, तितके पानांतले पाणी जास्त उडते आणि तितका जिराफाच्या दातात जड ऑक्सिजन वाढतो. पाणघोड्याच्या दातावर मात्र नदीच्याच पाण्याची छाप राहते. एकाच थरातल्या दोघांच्या दातांतला फरक म्हणजे त्या काळच्या कोरडेपणाचे माप. नेओमी लेविन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ही रीत मांडली. मला ती फार देखणी वाटते. हवेच्या कोरडेपणाची ज्याच्या दातात जवळजवळ नोंदच होत नाही, तोच प्राणी इथे मोजमापाचा आधार ठरतो.

इनॅमलमधला कार्बन आहार सांगतो. उष्ण प्रदेशातल्या गवतांत (आपली ज्वारी आणि ऊस त्याच गटातले) जड कार्बन-१३ झाडपाल्यापेक्षा जास्त असतो. सुमारे ८० लाख वर्षांपूर्वीपासून अशी गवते आफ्रिकेत पसरत गेली आणि पुढे पाणघोड्यांचा वंशही फोफावला.

गवत वाढले म्हणजे हवा कोरडी झाली, असा हिशेब बराच काळ मांडला जाई. मानवाच्या उत्क्रांतीची कथाही त्यावर उभी होती. २०१७ मध्ये स्कॉट ब्लुमेन्थाल आणि सहकाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेतल्या गेल्या सुमारे ४४ लाख वर्षांच्या दातांना ऑक्सिजनची तीच फूटपट्टी लावली. कोरडेपणा सतत वाढत गेल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. मग गवताळ मैदाने पसरली कशाने? पावसाचे ऋतुमान, वणवे, चरणारे कळप, हवेतला कार्बन डायऑक्साइड या साऱ्यांचा विचार आता करावा लागतो.