गाडीची सोंड

काही जीपगाड्यांच्या बॉनेटच्या कडेतून एक काळी, चपटी नळी बाहेर येते आणि पुढच्या काचेला लगटून छतापर्यंत जाते. माझ्या जुन्या डिझेल जीपला मी ती बसवून घेतली, तेव्हा आईने ओसरीवरूनच विचारलं, "धूर आता वरून सोडणार का रे?" पुष्कळांचा असाच समज होतो. पण ही नळी धूर सोडत नाही, ती श्वास घेते. बाजारात तिला स्नॉर्कल म्हणतात. आमच्या गल्लीतली पोरं सोंड म्हणतात. मला पोरांचा शब्द जास्त बरोबर वाटतो, कारण हत्ती खोल पाण्यातून जाताना नेमकं हेच करतो.

मूळ शब्द जर्मन, घोरण्याच्या क्रियापदाशी नातं सांगणारा. वस्तू मात्र आधी डच पाणबुड्यांवर आली. पाण्याखाली राहूनही डिझेल इंजिनाला हवा मिळावी म्हणून त्यांनी वर नळी काढली होती. १९४० मध्ये हॉलंड पडल्यावर त्या पाणबुड्या जर्मनांच्या हाती लागल्या, आणि महायुद्धाच्या शेवटच्या दोन वर्षांत जर्मन यू-बोटींना ही नळी सर्रास लागली. इकडे ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या दोस्तांच्या शर्मन रणगाड्यांच्या पाठीवर पत्र्याची उंच धुराडी होती, तीही श्वासासाठीच. जीपगाड्यांनाही नळ्या जोडून, विजेच्या जोडण्यांवर ग्रीजसारखा लेप थापून समुद्रात उतरवलं होतं.

इंजिनाला पाण्याचं एवढं वावडं का, हे एका साध्या हिशेबातून कळतं. दोन लिटरचं, चार सिलिंडरचं डिझेल इंजिन घ्या. एका सिलिंडरमध्ये पिस्टन ५०० घन सेंटिमीटर जागा झाडतो. दाबाचं प्रमाण १७ ला १ असेल, तर पिस्टन अगदी वर आल्यावर उरते ती जागा जेमतेम ३१ घन सेंटिमीटर. हवा तेवढ्यात मावते, कारण ती दबते. पाणी दबत नाही. म्हणजे पोहे खायचे दोन-तीन मोठे चमचे पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं, की पिस्टनला वर जायला वाटच राहत नाही. चाकं आणि फ्लायव्हील तर त्याला ढकलतच असतात. मग वाकतो तो मधला कनेक्टिंग रॉड, आणि कधी तो ब्लॉक फोडून बाहेरही येतो. हेच इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर मिनिटाला सुमारे २,००० लिटर हवा ओढतं. एवढ्या ओढीपुढे नळीचं तोंड पाण्याला टेकायचा अवकाश.

आता माझी फजिती. स्नॉर्कल बसवल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात कोकणातल्या एका ओढ्यात गाडी घातली. पाणी बॉनेटच्या खालीच होतं. तरी इंजिन खोकलं, अडखळलं आणि बंद पडलं. सुदैवाने मी पुन्हा स्टार्टर मारला नाही. दोराने गाडी बाहेर काढली आणि दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी एअर फिल्टरचा डबा उघडला. आत वाटीभर पाणी. ते म्हणाले, "साहेब, नाक वर केलंत, पण खालची मोरी उघडीच ठेवलीत की!" फिल्टरच्या डब्याच्या तळाशी पावसाचं पाणी निघून जायला एक भोक असतं. नळी बसवणाऱ्याने ते बुजवलंच नव्हतं. मोठ्या होजच्या जोडावरची क्लिपही ढिली होती. त्याने पैसे मात्र पूर्ण घेतले होते. मिस्त्रींनी इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवलं, आत साचलेलं थोडं पाणी पिचकारीसारखं उडालं. रॉड वाचला.

तेव्हापासून मी ही नळी म्हणजे शोभेची वस्तू आणि खरं काम जोडांचं, असं मानतो. छतापासून इंजिनापर्यंतचा सगळा मार्ग हवाबंद हवा. पत्र्याला भोक पाडलं की कडांना गंजरोधक रंग लावायला हवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत तिथून पत्रा कुजायला लागतो. तपासणी सोपी आहे. इंजिन चालू ठेवून नळीचं तोंड तळव्याने झाकायचं. इंजिन गुदमरून बंद पडलं, तर काम चोख. चालूच राहिलं, तर कुठूनतरी चोरून हवा येते आहे, आणि जिथून हवा येते तिथून पाणीही येईल.

पण इंजिन म्हणजे अख्खी गाडी नव्हे. डिफरन्शियल आणि गिअरबॉक्स यांनाही श्वासाच्या बारीक नळ्या असतात, आणि त्या खालीच उघडतात. तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. मग तेल दुधाळ होतं. या नळ्या वर घेणं स्वस्त आहे, पण दिसत नाही, म्हणून कोणी करत नाही. अल्टरनेटर आणि विजेच्या जोडण्या वेगळ्याच.

स्नॉर्कलने किती खोली वाढते? पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा कारखान्यातूनच ही नळी लावून येते. तिची उंची दोन मीटरच्या वर, पण कंपनी पाण्याची मर्यादा सांगते ७०० मिलिमीटर. महिंद्राच्या २०२० च्या थारला अशी नळी नाही, तिची मर्यादा ६५० मिलिमीटर. कागदावरचा फरक पाच सेंटिमीटरचा! बाकीची उंची आपण मनाने धरतो.

खरं तर ऑस्ट्रेलियाच्या लाल मातीच्या रस्त्यांवर ही नळी धुळीसाठीच जास्त कामाला येते. छताच्या उंचीवर हवा स्वच्छ मिळते, फिल्टर जास्त टिकतो. पुढे गाडी धूळ उडवत असेल तर डोकं मागे फिरवायचं. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या बॉनेटवर डोकं काढणारी बुटकी नळी ही याच घराण्यातली. तिचं शेतकऱ्याला कधी कौतुक वाटलं नाही, इतकी ती नेहमीची.

वाहत्या पाण्यात मात्र हा सगळा हिशेब बाजूला पडतो. ३० सेंटिमीटर वेगवान पाणी लहान मोटार उचलतं, ६० सेंटिमीटर पाणी जीपसारखी गाडीही वाहून नेतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि मुंबईत माणसं बंद गाड्यांमध्ये गुदमरून गेली. तिथे इंजिन चालू होतं की बंद, याने काही फरक पडला नसता.

स्पितीच्या रस्त्यावरचे नाले बर्फाच्या पाण्याचे. सकाळी घोट्याएवढे असतात आणि ऊन चढेल तसे फुगत जातात. तिथे मी आधी काठी घेऊन स्वतः उतरतो. तळाचे दगड चाचपतो, पाय सरकायला लागला की मागे फिरतो. पार करायचं ठरलं, तर लो-रेंजचा पहिला गिअर, माणसाच्या चालीचा वेग, मध्ये क्लच नाही. पुढे उठणारी लाट पुढेच ठेवायची. गेल्या वेळी दुपारी तीनला पोहोचलो, काठी मांडीपर्यंत भिजली. जीप बाजूला लावली, स्टोव्ह काढला आणि पहाटेपर्यंत तिथेच मुक्काम केला. सोंडेला आतून घरटं करू पाहणारी एक गांधीलमाशी तेवढी रात्री हाकलावी लागली.