पडद्यावरची सोंगं (लेखांक ७) : पात्राला माहीत नसतं ते

कीर्तनकारांच्या पोतडीत एक बहुरूपी हमखास असतो. तो साधूचं सोंग घेऊन गावाबाहेर बसतो. लोक पाया पडायला लागतात, बोलबाला राजापर्यंत जातो आणि राजा मोहरांनी भरलेलं ताट घेऊन येतो. साधू त्या ताटाकडे ढुंकूनही बघत नाही. दुसऱ्या दिवशी तोच माणूस साध्या कपड्यांत दरबारात येतो आणि सोंगाची बिदागी मागतो. राजा चक्रावतो. काल आख्खं ताट समोर होतं, ते का नाही घेतलं? बहुरूपी सांगतो, काल घेतलं असतं तर सोंगाला बट्टा लागला असता. कळमेश्वर तालुक्यात धापेवाड्याला आषाढी पौर्णिमेची यात्रा भरते. तिथं कीर्तनाला बसणाऱ्यांना ही गोष्ट नवी वाटायची नाही. पण व्हिडिओ गेममध्ये पात्र निभावणं म्हणजे काय, हे याहून नेमकं सांगणारी गोष्ट मला तरी ठाऊक नाही.

गेल्या लेखांकात आपण पात्र उभं केलं. त्याला नाव दिलं, वंश दिला, बळ आणि बुद्धीचे आकडे भरले. तिथवर सगळं सोपं असतं. खेळ सुरू झाला की मोहरांचं ताट पुढे येतं.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणला, तेव्हा हा खेळ कागद, फासे आणि समोरासमोर बसलेली माणसं यांचा होता. खेळ चालवणारा डंजन मास्टर समोरच असायचा. धर्मयोद्धा म्हणवणाऱ्या पॅलाडिननं पापकर्म केलं तर नियमानुसार त्याची दैवी शक्ती जायची, आणि ते पाप होतं की नाही हे मास्टर ठरवायचा. संगणकावर एकट्यानं खेळताना असा कुणी नसतो. पात्र सोडून वागलं तरी विचारणार कोण?

माझा भाचा सध्या ‘बाल्डर्स गेट ३’ खेळतो आहे. लॅरियन या बेल्जियमच्या कंपनीचा हा २०२३ चा गेम. एकदा पूर्ण खेळून झालाय, आता दुसऱ्यांदा अंगानं दांडगा आणि डोक्यानं मंद असा गडी घेतलाय. एका दालनात शिरताना मी म्हटलं, अरे, तिथं सापळा आहे ना? त्यानं खुशाल पाऊल टाकलं आणि म्हणाला, “मामा, थे मले मालूम हाय, त्याले कुठी मालूम हाय!” या कलेचा निम्मा भाग त्या वाक्यात आला. आपल्याला जे कळतं ते पात्राला कळत नसेल, तर ते वापरायचं नाही.

‘जीटीए ५’च्या रोलप्ले सर्व्हरवर तर याचे लेखी नियम असतात. शेकडो माणसं एकाच शहरात पोलीस, मेकॅनिक, गुंड होऊन वावरतात. दुसऱ्याचं थेट प्रक्षेपण बघून त्याचा ठावठिकाणा काढणं म्हणजे मेटागेमिंग, आणि त्याला शिक्षा. कुणी बंदूक रोखली तर घाबरायचं, कारण पात्राला जीव एकच आहे. बऱ्याच सर्व्हरवर मरून पुन्हा उठलात तर मारणाऱ्याचं नावही विसरायचं. हा उद्योग पोरखेळ वाटत असेल, तर एवढं सांगतो की असे बहुतेक सर्व्हर ज्या ‘फाइव्हएम’वर चालतात, ती बनवणारी मंडळी रॉकस्टार कंपनीनं २०२३ मध्ये आपल्यात घेतली.

एकट्याच्या खेळात पात्रावर नजर ठेवायचं हे काम यंत्राकडे देण्याचे प्रयत्न जुने आहेत. रिचर्ड गॅरियटच्या ‘अल्टिमा ४’मध्ये (१९८५) जडीबुटी विकणारी आंधळी बाई आहे. मोजून पैसे तुम्हीच ठेवायचे. कमी ठेवलेत तरी ती काही बोलत नाही, माल देते. फक्त तुमच्या प्रामाणिकपणाचा हिशेब आत कुठेतरी खाली जातो आणि पुढे आडवा येतो. चाळीस वर्षं झाली, पण याहून सुंदर युक्ती फार झालेल्या नाहीत.

उलट ‘मास इफेक्ट’नं (२००७) सज्जनपणा आणि रांगडेपणा यांच्या पट्ट्या उघड दाखवल्या, आणि पट्टी भरली की वळण लावणारे खास संवाद खुले केले. झालं! खेळणारे पात्राचा स्वभाव विसरून पट्टी भरायला लागले.

‘क्रुसेडर किंग्ज ३’नं (२०२०) बक्षिसाऐवजी त्रास दिला. राजा दयाळू असेल आणि तुम्ही त्याच्याकडून कैद्याचा गळा कापवलात, तर त्याचा ताण वाढतो. फार वाढला की तो कोलमडतो, दारूलाही लागू शकतो. स्वभावाविरुद्ध वागायला बंदी नाही, पण ते अंगावर येतं. मला हे पटतं, कारण माणूस बदलण्याची वाट त्यात उघडी राहते. निष्ठा म्हणजे पात्र पहिल्या दिवशी होतं तसंच शेवटपर्यंत ठेवणं नव्हे. बदलाचं कारण मात्र कथेत घडलेलं हवं, खेळणाऱ्याच्या सोयीत नको.

सगळ्यात मोठं ताट मात्र ‘लोड’ बटणाचं. फासा उलटा पडला की मागं जायचं, पुन्हा टाकायचा. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये नंतर एकच सेव्ह असणारी ऑनर पद्धत आली, पण ती कठीणही आहे. साध्या पद्धतीत खेळून फक्त संवादातले फासे परत न टाकणं हा मधला मार्ग मला बरा वाटतो. थापेबाज पात्राची थाप पकडली गेली, तर पुढची कथा बहुधा अधिक रंगते.

आणखी एका पळवाटेबद्दल लिहायलाच हवं. साथीदारांचे खिसे कापायचे, सगळ्यांचा डाव नासवायचा आणि वर म्हणायचं, “मी काय करू, माझं पात्रच तसं आहे.” एकत्र खेळणाऱ्या प्रत्येक टोळीत असा एखादा महाभाग निघतो. यात निष्ठा कसली? पात्र आकाशातून पडलं नाही, त्यानंच घडवलंय. चोर घ्यायचाच तर साथीदारांना सोडून न जाण्याचं काही कारण असलेला चोर घ्यावा. उधारी असो, प्रेम असो, नाहीतर एकटं राहण्याची भीती.

पुढच्या आठवड्यात लेखकानं आधीच घडवून दिलेली पात्रं : पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची, भावाच्या शोधात निघालेली ‘राजी’, आणि ‘विचर’चा गेराल्ट.